आपल्याच घरचा सर्व्हर

माझा फोन जुना झाला होता, पण तुटलाफुटला नव्हता. काच शाबूत होती, बॅटरीही दिवस काढायची. फक्त कंपनीनं त्याच्याकडे पाहणं सोडलं होतं. आता या फोनला नवं अपडेट मिळणार नाही, असा निरोप एक दिवस स्क्रीनवर आला आणि त्यानंतर तो बिचारा हळूहळू सुस्त होत गेला. मी सौंसरला राहायची आणि शाळा पांढुर्ण्याला. शाळेत हजेरी फोनवरच लावावी लागते. सकाळी आम्ही सगळ्या शिक्षिका गेटपाशी फोन उंच धरून उभ्या राहायचो. बाकीच्यांची हजेरी लागून त्या वर्गात पोचायच्या, तरी माझ्या फोनवर ते गोल चक्र फिरतच असायचं.

"मॅडम, हा फोन आता कुलरवर वजन म्हणून ठेवायच्या कामाचा," आमच्या गणिताच्या मॅडम म्हणायच्या.

त्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. तो तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरात आम्ही तिघं, मी आणि आईबाबा. बाबा निवृत्त शिक्षक. लकवा झाल्यापासून त्यांची उजवी बाजू चालत नाही आणि बोलणंही जड झालंय, पण समजतं सगळं. माझं लग्न झालं नाही. सुरुवातीला स्थळं आली नाहीत म्हणून, नंतर बाबांचं आजारपण म्हणून, आणि पुढेपुढे कोणी तो विषयच काढेना म्हणून. चाळिशी जवळ आली तसं घरात सगळ्यांनी ते ठरल्यासारखंच धरलं होतं. मीही.

भावानं माझा फोन हातात घेतला, मागून पुढून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"ताई, याले काहीच झालं नाही. ही कंपनीची चाल आहे. तुले नवा घ्यायला लावून राहिले ते. मी याच्यात दुसरी सिस्टिम टाकून देतो."

पुण्याला इतकी वर्षं राहूनही घरात पाऊल टाकलं की त्याची भाषा सौंसरची होते. मला ते फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. फोन वायरनं जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती आणि तो मला समजावून सांगत होता. ही ऑपरेटिंग सिस्टिम ओपन सोर्स आहे. म्हणजे हिचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात. कंपनीनं सोडलेल्या फोनांना ती माणसं पुन्हा जिवंत करतात. हिच्यात लपवाछपवी नाही. तू कुठं जाते, काय शोधते, कोणाशी बोलते, हे कोणी विकत नाही.

"आतापर्यंत विकत होते का?" मी विचारलं.

"ताई, रोज!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरा राग होता. "आपण कोण आहो, काय खातो, कोणाले भेटतो, सगळं. अन् आपणच त्यांना ओके ओके दाबून देतो."

आई आतून म्हणाली, "आपल्यापाशी काय ठेवलंय बाप्पा चोरी करायले?"

"असं नाही आई. असो की नसो, आपलं ते आपलं."

आपलं ते आपलं. हे वाक्य मला इतकं पटलं की पुढे शाळेत मी ते दोन-तीनदा स्वतःचं म्हणून सांगितलं.

फोन उठला तेव्हा मला ओळखू येईना. नको त्या ॲपांचा पसारा गेला होता. स्वच्छ काळी स्क्रीन, मोजकी चिन्हं. बोट लावलं की उघडायचं. हजेरीचं ॲप थोडं रुसलं, तेही त्यानं काहीतरी करून चालू करून दिलं. बँकेचं ॲप मात्र चाललंच नाही. हा फोन सुरक्षित नाही, असं ते म्हणे. भाऊ हसला. "पाह्य, ज्या फोनवर कोणी पाहत नाही तो यांना असुरक्षित वाटते."

शेवटी त्यानं फोटोंचं विचारलं. आधी ते कंपनीकडे जमा व्हायचे. "आता आपल्या सर्व्हरवर जातील. माझ्या फ्लॅटमधे कपाटावर एक डबा ठेवलाय, कॉम्प्युटरच समज. फोन हरवला तरी फोटो, नंबर सगळं वाचते. फोन कुठं पडला तेही सापडते. आपल्याच घरचा आहे."

मी हो म्हटलं. कशाला विचार करायचा? त्याला सायकल मीच शिकवली होती. बाबांची बदली बाहेर होती तेव्हा त्याची शाळेची फी भरायलाही मीच जायची. तो माझ्याशी खोटं बोलेल, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसू शकणारी नव्हती. आणि त्या दिवशी तो खोटं बोललाही नव्हता. हे मला फार पुढे समजलं.

त्या दिवाळीच्या आधी, पावसाळ्यात, आमच्या शाळेच्या आवारात झाडं लावली होती. रोपं आणायला लोधीखेड्याजवळच्या एका नर्सरीशी बोलणं झालं. नर्सरीवाले स्वतःच पिकअप घेऊन आले आणि आल्या आल्या आमच्यावर चिडले. खड्डे उथळ खणले होते.

"मॅडम, याच्यात झाड नाही, कोथिंबीर लावा लागन."

पोरी खिदळल्या. नर्सरीवाल्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शाळेच्या चपराश्याबरोबर सगळे खड्डे पुन्हा खणले. त्यानंतर झाडांची चौकशी करायला त्यांचा फोन यायचा. कडुनिंब धरला का, करंजाला पाणी कोण घालून राहिलं. मग झाडांचं विचारून झाल्यावरही फोन ठेवावासा वाटेना. त्यांची बायको काही वर्षांपूर्वी गेली होती. एक मुलगी, नागपूरला शिकत होती. एका रविवारी मी नर्सरी पाहायला म्हणून गेले. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात ते त्यांनी मला शिकवलं. सालीला चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. माझे पहिले सगळे डोळे सुकले. ते म्हणाले, "घाई करता तुम्ही. झाडाले समजते."

घरी मी हे सांगितलं नव्हतं. चोरून करण्यासारखं काही नव्हतं, पण सांगायला अजून काही तयारही झालं नव्हतं. सौंसरहून पांढुर्णा एकीकडे आणि लोधीखेडा दुसरीकडे. रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून मी लोधीखेड्याच्या बसमध्ये बसायची. त्या वयाला खोटं बोलून बसमध्ये बसण्यात थोडी गंमतही होती, ती मी नाकारत नाही.

दिवाळीनंतर त्यांनी विचारलं. सरळच विचारलं, रोपांना पाणी घालता घालता. मुलीशी ते आधीच बोलले होते. मी म्हटलं, आईबाबांचं काय ते बघावं लागेल. ते म्हणाले, त्यांनाही इकडे आणू, नाहीतर आपण तिकडे जाऊयेऊ, सौंसर काय सातासमुद्रापार आहे? मग एक दिवस त्यांनी मला फोटो पाठवला. घराच्या वर एक खोली होती, टिनाच्या छपराची, आतापर्यंत तिच्यात पोती ठेवायचे. ती त्यांनी रिकामी केली होती. भिंती फिक्या हिरव्या रंगवल्या होत्या. एका भिंतीला लाकडाची फळी ठोकली होती. खाली लिहिलं होतं, "तुमच्या पुस्तकांसाठी. रंग नाही आवडला तर सांगा."

तो फोटो मी फोनमध्ये ठेवून घेतला. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, कधीही उघडून पाहायची. कोणालाही दाखवला नव्हता.

संक्रांतीनंतर घरी सांगायचं मी ठरवलं. त्याच्या आधीच ते गप्प झाले. फोन येईनात. मी केला तर उचलेनात. शेवटी एकदा उचलला.

"मॅडम," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते मला मॅडम म्हणत होते. "तुमची अडचण मले समजली. मनाले लावून घेऊ नका. आईवडलाले पहा. माझी काही तक्रार नाही."

"कोणती अडचण?"

"जाऊ द्या. बोलून काय होते?" आणि त्यांनी ठेवून दिला.

मी त्याचा एकच अर्थ लावला. त्यांचं मन बदललं, आणि सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून माझ्याच आईवडिलांची आड घेऊन राहिले. एका रविवारी जाऊन तोंडावर विचारावं म्हणून बसमध्ये बसले, आणि वाटेतच बोरगावला उतरून गेले. स्टॉपवर ऊन होतं. उसाच्या रसाच्या गाड्याशी उभी राहिले, रस घेतला नाही, आणि सौंसरची बस आली तशी परत फिरले. माझ्या वयाच्या बाईनं कोणाच्या दारात जाऊन मला का सोडलं असं विचारायचं, हे मला जमलं नाही.

त्या महिन्यांत भाऊ नेहमीपेक्षा जास्त फोन करायचा. "ताई, बरी आहेस नं? काही वाटत असलं तर सांग." मला वाटायचं, लहान असला तरी किती समजतं त्याला, आवाजावरून ओळखतो. एकदा तर माझे डोळे भरून आले. मी सांगणारही होते सगळं. दाराची बेल वाजली म्हणून राहून गेलं.

मग उन्हाळा लागला. एका दुपारी आई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. बाबा आत झोपले होते. शेजारच्यांनी गच्चीवर नवी खोली बांधली होती, तिचा विषय निघाला.

"टिनाची कायले बांधली असन?" आई म्हणाली. "भट्टीवानी तापते. तुले त्या टिनाच्या खोलीत राहा लागलं असतं तर समजलं असतं. हिरवा रंग मारला म्हणून काय गार होते?"

ती बोलून गेली आणि मेथी निवडत राहिली. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"कोणती हिरवी खोली, आई?"

तिनं वर पाहिलं नाही.

"आई. कोणती खोली?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू हिरवा रंग म्हणालीस. टिनाचं छप्पर म्हणालीस. तू कधी पाहिली?"

आईला खोटं टिकवता येत नाही. ती थोडा वेळ चिडली. मायवर कायले डोळे काढते, म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यानं दाखवला फोटो. दिवाळीच्या मागून आला होता नं दोन दिवस, तवा. तू दर इतवारी कुठी जाते थेही त्याले दिसे. म्हणे, आई, ताई फसून जाईन. मी म्हटलं, तूच कर बाप्पा काहीतरी. मी इकडे एकली, तुह्या बाबाले उचलू का तुह्यामागं धावू?"

मी उठून आत गेले. फोन पलंगावर होता. तोच हलका, स्वच्छ, मोकळा फोन. मी त्याच्यातली एकेक सेटिंग उघडली. काही लपवलेलं नव्हतंच. फोटो आपोआप सर्व्हरवर पाठवा: चालू. ठिकाण सर्व्हरला कळवा: चालू. सर्व्हरचा मालक म्हणून भावाचं नाव. मी हो म्हटलं होतं ते सगळं तिथं जसंच्या तसं होतं. मला वाटलं होतं ती तिजोरी आहे. तो तिची किल्ली रोज फिरवून पाहत होता.

मी त्याला फोन केला.

"तू माझे फोटो पाहिलेस?"

तो पुण्याच्या मराठीत म्हणाला, "ताई, तू आधी शांत हो. मी तुला सांगितलं होतं की फोटो माझ्या सर्व्हरवर येतात."

"येतात म्हणाला होतास. पाहतो म्हणाला नव्हतास."

"मुद्दाम नाही पाहिलं. बॅकअप नीट होतोय का ते चेक करत होतो, तेव्हा दिसलं. मग काळजी वाटली. तो माणूस कोण, काय, आपल्याला काही माहिती नाही. तू इतकी साधी—"

"मी कुठं जाते तेही पाहत होतास?"

"काळजी वाटत होती म्हणून."

"कंपनी पाहायची तेव्हा तुला राग यायचा."

"ती धंद्यासाठी पाहते, ताई. मी तुझा भाऊ आहे."

त्याला हे खरंच वेगळं वाटत होतं. मला त्याच्या आवाजात जराही लाज सापडली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"त्यांना काय सांगितलंस?"

"कोणाला?"

"तुला माहीत आहे कोणाला."

"काही नाही. बोललो फक्त." आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

या वेळी मी बोरगावला उतरले नाही. नर्सरीत पोचले तेव्हा ते शेडनेटखाली मजुरांना काही सांगत होते. मला पाहून उभेच राहिले. मग स्टूल पुढे केलं, पाणी मागवलं. मी बसले नाही.

"माझ्या भावानं तुम्हाला काय सांगितलं?"

"तुम्हालाच माहीत असन."

"मला काहीच माहीत नाही. तो तुमच्याशी बोलला हेच मला परवा कळलं."

त्यांनी खिशातून फोन काढला, शोधला आणि माझ्या हातात दिला. भावाचा मेसेज होता. सुरुवातीलाच तो हिरव्या खोलीचा फोटो. खाली लिहिलं होतं की ताईनं हे सगळं मला दाखवलंय. तिला तुमचं मन दुखवायचं नाही, म्हणून ती स्वतः बोलू शकत नाही. तिला हे पुढे न्यायचं नाही. तुम्ही समजदार आहात, कृपा करून तिला विचारून आणखी अडचणीत टाकू नका.

मी ते पुन्हा वाचलं. मग शेवटी स्टुलावर बसले.

"हा फोटो मी फक्त तुम्हाले पाठवला होता," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडे नव्हता. तुम्ही दिल्याशिवाय त्यायच्यापाशी कसा येईन? मले वाटलं, तुम्ही दोघं बहीणभाऊ बसून हसले असन माझ्यावर. या वयात खोली रंगवून राहिला म्हणून."

मी त्यांना फोनचं सांगितलं. सिस्टिम, सर्व्हर, कपाटावरचा डबा. त्यांना सगळं समजलं असं नाही, पण मी खरं बोलते आहे हे समजलं. ते नुसते मान हलवत राहिले. इथे सगळं सुटायला पाहिजे होतं, नाही का? गैरसमज होता, तो दूर झाला. मलाही येताना बसमध्ये तसंच वाटत होतं. पण तिथे बसल्या बसल्या मला दुसरंच काही टोचायला लागलं.

"तुम्ही मला एकदा विचारलं का नाही?"

"त्यानं लिहिलं होतं नं, विचारू नका."

"त्यानं लिहिलं. तो कोण तुमचा? मी तुमच्यासमोर बसून डोळे बांधायला शिकले. तुम्हाला वाटलं मी हा फोटो दाखवत फिरेन?"

"लाज वाटली मले," ते म्हणाले. "खूप लाज वाटली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचं दुःख दिसत होतं आणि तरीही माझं मन त्यांच्याकडे सरकेना. ते मला बसपर्यंत सोडायला आले. बस सुटताना ते म्हणाले, "पुन्हा येसान." मी हो म्हटलं. येईन की नाही हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा फोन बंद केला. विकून टाकावा, साधा बटणांचा घ्यावा, असंही मनात आलं. पण हजेरी फोनवरच लागते, आणि दुसरं म्हणजे, मला हार मानल्यासारखं वाटलं. सिस्टिमनं मला फसवलं नव्हतं. तिनं जे सांगितलं तेच केलं होतं. मग मी ती स्वतः शिकायचं ठरवलं. गणिताच्या मॅडमचा लॅपटॉप मागून घेतला. या सिस्टिमवाल्यांचा इंटरनेटवर एक चर्चेचा कट्टा आहे, तिथलं सगळं इंग्रजीत. शब्दकोश घेऊन बसले. फोन कसा पुसायचा, सिस्टिमची फाइल कुठून उतरवायची, वायरनं जोडल्यावर कोणती बटणं एकत्र धरायची. पहिल्यांदा फोन सुरू होतानाच्या चिन्हावरच अडकून पडला, पुढे जाईना. मला वाटलं, मारून टाकला. कट्ट्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्या देशातल्या कोणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं, तुम्ही आधीचा डेटा पुसायची पायरी सोडली. मी ती केली. फोन उठला. त्यात एकही फोटो नव्हता, एकही नंबर नव्हता. सर्व्हरचा पत्ता विचारणारी चौकट आली, ती मी कोरी ठेवली.

ज्यानं मदत केली त्याला मी आभाराचं लिहिलं. त्यानं माझं नावही विचारलं नाही.

भाऊ पोळ्याला आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, आईनं बोलावलं होतं. मी ठरवलं होतं की बाबांसमोर काही बोलायचं नाही. पण बाबांनीच मला हाक मारली. घरातली कुजबूज त्यांना कळत होती. मला खुर्चीत बसव म्हणाले. मग त्यांच्या अडखळत्या बोलीत त्यांनी भावाला विचारलं, काय झालं ते सांग. त्याला सांगावं लागलं. त्यानं बरंच काळजी, बरंच ताईचं भलं, असं लावून सांगितलं. बाबा ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिले विचारलं होतं?"

त्यानं आईकडे पाहिलं.

"अन् ती गेली असती, तर आम्हाले कोणी पाह्यलं असतं, म्हणून?"

"तसं नाही, बाबा."

"मग आता तू ने," बाबा म्हणाले. "आम्हाले. पुण्याले."

भावाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, गडबड होती. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नेहमी बिघडते, बायकोची नोकरी आहे, तिकडे माणूस मिळत नाही. तो एकेक सांगत गेला. बाबांनी डावा हात वर केला, तो थांबला.

"मग ती कशी करून राहिली होती इतके वर्षं?"

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली.

तो दोघांनाही घेऊन गेला. आईला तिथं करमलं नाही, दिवाळीनंतर ते परत आले. पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही. आता बाबांना उचलायला एक बाई येते, आणि भाऊ दर महिन्यात काही दिवस सौंसरला बसून ऑफिसचं काम करतो. बाबांना अंघोळ घालायला शिकलाय. मी पांढुर्ण्याला खोली घेतली, शाळेच्या मागच्या गल्लीत. शनिवारी घरी जाते, सोमवारी परत. पहिल्या रात्री त्या खोलीत मी एकटीनं खिचडी करून खाल्ली आणि बाबांना सोडून आले म्हणून रडले. नंतर सवय झाली.

नर्सरीत मी पुन्हा गेले, एकदा नाही, बरेचदा. आम्ही बोलतो. त्यांनी मला पुन्हा विचारलं, खोलीचं काय करू? मी म्हटलं, पोती ठेवा. त्यांनी मुकाट्यानं ठेवली. त्यांच्याबद्दल वाईट वाटत नाही असं नाही. पण विचारण्याआधीच सोडून देणारा माणूस म्हातारपणी सोबतीला कसा धरायचा, हा प्रश्न मनातून जात नाही. ते चांगले आहेत. मला त्या वेळी चांगल्यापेक्षा भांडणारा माणूस पाहिजे होता.

भाऊबीजेला मी भावाला ओवाळते. त्यात खंड पाडला नाही. गेल्या वेळी ओवाळून झाल्यावर आई आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, मी सर्व्हरवरचं तुझं सगळं डिलीट केलं. केव्हाच केलं."

"ते मला कसं कळणार?" मी विचारलं.

त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्याच्याकडे तांत्रिक उत्तर असणार, नेहमी असतं. पण त्याऐवजी ताटातला पेढा त्यानं उचलला, अर्धा मोडून माझ्यापुढे धरला, लहानपणी धरायचा तसा. मी तो घेतला. मग आम्ही बाबांच्या गोळ्यांविषयी बोललो. कोणत्या संपत आल्या, नागपूरहून कोणी आणायच्या. आता आम्ही तेवढंच बोलतो.